चप्पल

कुडाळ, १४ डिसेंबर २०२५

प्रिय बाबल्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "मालवणला जाऊन काय केलंत?" आणि मी "मासे खाल्ले" एवढंच सांगून मोकळा झालो. ही शेजारीच उभी होती, म्हणून. आता ती माहेरी गेलीय, तेव्हा निवांत लिहितो.

१० तारखेला लग्नाला २५ वर्षं झाली. मुलांनी गोव्याचं हॉटेल बघून ठेवलं होतं. हिने साफ सांगितलं, "सिंधुदुर्गावर जायचं. होडीने. आणि आम्ही दोघंच." नशीब, बुधवार होता. गुरुवार असता तर मार्गशीर्षात मालवणला जाऊन डाळभात खावा लागला असता.

तुला २०००ची ती फेरी आठवत असणारच. लग्नाला पाचच दिवस झालेले, तू मुंबईला परत निघायच्या आधी आपण तिघं गेलो. होडीतून उतरताना हिची नवीकोरी चप्पल पाण्यात पडली आणि बघता बघता लाटेने नेली. मी शहाणा म्हणालो, "असू दे, तासाभराचा तर प्रश्न!" तू काही न बोलता तुझी काढून दिलीस आणि भर दुपारी तटावरून अनवाणी फिरलास. मालवणात येईस्तोवर तुझ्या तळव्यांना फोड. घरात भांड्याला भांडं लागलं की ही गोष्ट निघते. "त्यापेक्षा बाबलभावजी बरे," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मुलांनाही पाठ आहे.

या वेळी होडी धक्क्यावरून सुटली आणि हिने दोन्ही चपला काढून पिशवीत टाकल्या, माझ्याकडे बघत. अंगात ते नारिंगी लाइफ जॅकेट, मांडीवर पिशवी. खलाशी म्हणाला, "वयनीनू, सावकास उतरा." मी हात पुढे केला. तिने खलाशाचा धरला.

दरवाजा अजूनही अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही रे. समोर नुसता तट, आणि एकदम दोन बुरुजांच्या मधून वाट वळते. तेव्हा तू म्हणाला होतास की आपण रस्ता चुकलो. आत शिरल्यावर त्या घुमट्या, चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा आणि पायाचा. ही बराच वेळ पायाच्या ठशासमोर हात जोडून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "महाराजसुद्धा अनवाणीच होते की." मी गप्प.

शिवराजेश्वराच्या देवळात गर्दी होती. राजाराम महाराजांनी बांधलेलं देऊळ, आत बिनदाढीचे महाराज. जुलैत युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले गेले, त्यात हाही आहे, त्यामुळे माणसं वाढलीत असं सरबतवाली सांगत होती. गडावर अजून थोडी घरं आहेत, तिचं त्यातलंच एक. तिच्याकडचं कोकम सरबत मात्र फारच गोड.

मग बावींकडे गेलो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी! मी लागलो समजवायला, की पावसाचं पाणी बेटाच्या पोटात मुरतं, खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगून राहतं. ती म्हणाली, "मास्तर, शाळा सुटली." आणि काठावर बसून राहिली. पाचेक मिनिटं आम्ही दोघंही काही बोललो नाही. आत वाकून बघितलं तर पाण्यात आमची दोन डोकी, माझ्यावर केस नाहीत ते तिथेही दिसत होतं.

होडीवाल्याने तासच दिला होता, त्यामुळे तटावर अर्ध्यापर्यंतच गेलो. डिसेंबर असूनही दगड तापलेला. मी एक चप्पल काढून पाय टेकवून बघितला. लगेच उचलला. बाबल्या, तू तासभर कसा चाललास रे?

परतल्यावर मोरयाच्या धोंड्यालाही गेलो. तू तेव्हा लंगडत होतास म्हणून ते राहून गेलं होतं. खडकात गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेत. २५ नोव्हेंबर १६६४ला महाराजांनी इथे पूजा करून गडाच्या कामाला हात घातला. ओहोटी होती, वाळूत खेकड्यांची बारीक बारीक बिळं, आणि समोर गड पाण्यात बसलेला.

जेवण सांगत नाही, तुला त्रास होईल. सुरमईची तुकडी ताटाबाहेर जात होती एवढंच.

मग ही बाजारात शिरली. मला वाटलं खाजा घेणार. शिरली चपलांच्या दुकानात आणि पुरुषांच्या चपला काढायला लावल्या. मी सुखावलो, पाय पुढे केला, तर म्हणते, "तुमच्यासाठी नाही. बाबलभावजींची चप्पल आपल्याकडेच राहिली होती, विसरलात?" खरंच राहिली होती रे. तू गाडीत अनवाणीच चढलास आणि तुझी चप्पल माझ्या आईने पुढे दोन पावसाळे परसात वापरली.

तेव्हा पार्सल पाठवतोय. आत खाजा आहे, आगळाची बाटली आहे (उभी ठेव, मागच्या वेळी सांडली) आणि ती चप्पल. पैसे मी दिले, हे वहिनीला फोन करशील तेव्हा आवर्जून सांग. नंबर अंदाजाने आठ घेतलाय. होत नसेल तर लगेच कळव, दुकानदार महिनाभरात बदलून देतो म्हणालाय.

तुझा,
दिग्या