राणीबागेतल्या झाडांनाही पाट्या हव्यात

महोदय,

भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाविषयी, म्हणजे आपल्या राणीबागेविषयी, वर्तमानपत्रांतून जे छापून येते ते बहुधा प्राण्यांविषयीच असते. २०१७ मध्ये पेंग्विन कक्ष खुला झाला, त्याच वर्षी प्रौढांचे तिकीट ५ रुपयांवरून ५० रुपये झाले आणि तेव्हापासून येणारा बहुतेक प्रेक्षक फाटकातून थेट त्या कक्षाकडेच वळतो. वास्तविक १८६२ मध्ये लोकांसाठी उघडलेली ही बाग मुळात वनस्पतींची आहे.

पेंग्विन पाहायला मुलांनी अवश्य जावे. माझी नातवंडेही जातात. पण वाटेत उभ्या असलेल्या कैलासपतीपाशी कोणी थांबत नाही, याचे वाईट वाटते. दक्षिण अमेरिकेतल्या या झाडाची फुले पानांआड न येता बुंध्यातूनच फुटलेल्या लोंबत्या फांद्यांवर येतात. पाकळ्या जाड, गुलाबी-तांबूस, आणि मधल्या पुंकेसरांचा नागफणीसारखा फणा इतका हुबेहूब की खाली पिंड असल्याचा भास व्हावा. फुलांना सुगंध, तर तोफगोळ्याएवढे फळ पडून फुटले की त्याची दुर्गंधी! आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच पावसाळ्यात रात्री फुलते आणि तिचे परागीभवन वटवाघळे करतात. मूळची म्यानमारची, मुंबईत क्वचितच दिसणारी उर्वशीही याच बागेत आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर तिचे लाल घोस खाली झुकलेले असतात.

उद्यान प्रशासनाला माझी विनंती अशी, की प्राण्यांच्या माहितीला जेवढी जागा मिळते तेवढीच झाडांच्या माहितीलाही द्यावी. प्रत्येक जुन्या वृक्षाजवळ मराठी नाव, मूळ प्रदेश आणि फुलण्याचा महिना सांगणारी पाटी असावी, मात्र ती खोडात खिळे ठोकून लावू नये, जमिनीत रोवावी. तिकीट खिडकीशेजारी ‘या महिन्यात काय फुलले आहे’ असा एक फळा ठेवला आणि तो बागेतल्या माळ्यांनीच लिहिला, तर खर्च खडूपुरताच येईल. नवे कक्ष व पदपथ बांधताना बुंध्याभोवती सिमेंट न ओतता मातीचे आळे मोकळे सोडावे. सुट्टीच्या दिवशी सकाळी जाणकारांबरोबर वृक्षफेरी ठेवल्यास शाळाही आनंदाने येतील. त्याची सुरुवात येत्या फेब्रुवारीत, उर्वशीच्या बहराच्या सुमारास, करता येईल.

– एक वाचक, परळ, मुंबई