होर्लिवकाच्या बाईंना काय सांगू? परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, यांस
स. न. वि. वि.

परवा युक्रेनमधल्या खारकीवच्या माझ्या घरमालकीणबाईंचा फोन आला. मेडिकलची चार वर्षं मी त्यांच्याकडे राहिले. त्या मूळच्या दोनेत्स्क प्रांतातल्या होर्लिवकाच्या. 2014 मध्ये रशियाच्या पाठबळावर फुटीरांनी शहर घेतलं, तेव्हा त्या नेसत्या कपड्यांनिशी निघाल्या. यजमानांची कबर तिकडेच राहिली. फोनवर त्यांनी विचारलं, "तुमचा देशही म्हणतो का गं, जमीन देऊन टाका?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते आहे.

नोव्हेंबर 2025 मध्ये फुटलेल्या, युद्ध थांबवण्याच्या अमेरिकेच्या 28 कलमी आराखड्यात युक्रेनने दोनेत्स्कचा उरलेला भागही सोडावा असं होतं. म्हणजे क्रामातोर्स्क, स्लोव्हियान्स्क. रशियाला इतकी वर्षं लढून जे घेता आलं नाही, ते सही करून द्यायचं. तिथल्या माणसांचं काय, हे कुणी सांगत नाही.

युद्ध थांबावं असं मला वाटत नाही का? सहा रात्री मी मेट्रो स्टेशनात फरशीवर काढल्या आहेत. 1 मार्च 2022 ला कर्नाटकातला आमच्यासारखाच एक विद्यार्थी खायचं सामान आणायला रांगेत उभा होता, तो गेला. दुसऱ्या दिवशी सूचना आली, सायंकाळी सहापर्यंत शहर सोडा. पिसोचिनपर्यंत 11 किलोमीटर आम्ही चालत गेलो, वरून तोफांचा आवाज. घरी आले तर शिक्षण अर्धवट, बाबांच्या डोक्यावर कर्ज, आणि ज्या कार्यालयात जावं तिथे "नियमात बसत नाही". युद्ध काय असतं ते मला कुणी शिकवू नये.

पण देऊन शांतता मिळते कुठे? 1994 मध्ये बुडापेस्टला युक्रेनने अण्वस्त्रं सोडली, बदल्यात सीमांचा आदर करू अशी रशियाचीही सही घेतली. वीस वर्षांत क्रायमिया गेला. मग मिन्स्कचे शस्त्रसंधीचे दोन करार, आणि मग माझ्या खिडकीच्या काचा. फिनलंडने मार्च 1940 मध्ये देशाचा जवळपास दहावा हिस्सा सोव्हिएत संघाला दिला, चार लाखांवर माणसं घरदार सोडून निघाली, आणि पंधरा महिन्यांत पुन्हा युद्ध.

साहेब, 14 नोव्हेंबर 1962 ला आपल्या संसदेने काय ठराव केला होता? आक्रमकाला हाकलून लावू, लढा कितीही लांबला तरी. अक्साई चीनचे 38,000 चौरस किलोमीटर आजही आपण कुणाला लिहून दिलेले नाहीत. मग 12 ऑक्टोबर 2022 ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, रशियाने युक्रेनचे चार प्रांत गिळण्याच्या विरोधात 143 देश उभे राहिले तेव्हा आपण तटस्थ का? स्वस्त तेलासाठी? मला तसंच वाटतं, आणि लाज वाटते.

आणि ती सुरक्षा परिषद! 25 फेब्रुवारी 2022 ला हल्ला करणाराच अध्यक्षाच्या खुर्चीत, नकाराधिकारही त्याचाच. गावच्या पंचायतीतसुद्धा आरोपीला पंच करत नाहीत. तिथे कायमची जागा आपण मागतो, ती कशासाठी, हे तरी एकदा सांगा.

उद्या युक्रेनच्या लोकांनी स्वतःच ठरवलं की पुरे झालं, तर मी कोण अडवणार? त्यांच्या राज्यघटनेच्या 73 व्या कलमात देशाचा भूभाग बदलायला देशभर सार्वमताची अट आहे. ते ठरवतील. वॉशिंग्टनने नाही, मॉस्कोने नाही, दिल्लीनेही नाही. एवढंच वाक्य, "युक्रेनची जमीन द्यायचा अधिकार फक्त युक्रेनच्या जनतेचा", तुम्ही भारताच्या नावाने उघडपणे बोला. पुढचं मतदान येईल तेव्हा हात वर करा.

रविवारी मी बाईंना फोन करणार आहे.

आपली,
खारकीवला शिकलेली सोलापूरची एक मुलगी