बडोद्यात शिकणाऱ्या लेकीस

इंदूर

चि. सोनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा दुपारी मिळालं. पत्राआधी आतल्या दोन्ही प्रिंट बाहेर काढल्या. मांडवीचा दरवाजा लगेच ओळखू आला. कमानी, वरचे मजले, खाली हातगाड्या. पहिल्या प्रिंटमध्ये ‘मांडवी’ ही अक्षरं उलटी आली आहेत आणि दुसरीत सरळ. पहिली फसली म्हणून टाकून देणार होतीस, असं लिहिलंयस. टाकली नाहीस ते फार बरं केलंस. मला दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघता आल्या. पहिल्या वेळी अक्षरं सरळ कोरलीस, म्हणून ती छापल्यावर उलटी झाली. दुसऱ्या वेळी लिनोच्या, म्हणजे कोरून शाईने छापायच्या लिनोलियमच्या, नव्या तुकड्यावर ती उलटी कोरलीस. कमानींच्या रेषाही दुसऱ्यात जास्त ठाम आहेत. उजव्या कडेला एक पांढरा ओरखडा गेलाय, तिथे हत्यार घसरलं असणार. बाबांनी भिंग घेऊन तो ओरखडा पाहिला आणि मला विचारलं, “बोट कापलं नसेल ना हिचं?” तेव्हा हे नीट लक्षात ठेव. हत्यार नेहमी स्वतःपासून पुढे ढकलायचं आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा. गारव्यात लिनो कडक होतं, तेव्हा कोरण्याआधी थोडा वेळ उन्हात ठेव, मऊ पडेल.

छापायला यंत्र मोकळं नव्हतं म्हणून कागद वर ठेवून चमच्याच्या पाठीने घासलास, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. कॉमर्सची मुलगी मैत्रिणीबरोबर फाइन आर्ट्सच्या आवारात जाते, कोणीतरी तिला रोलरवर शाई किती घ्यायची ते दाखवतं आणि संध्याकाळी ती काळी बोटं घेऊन हॉस्टेलवर परतते. तू बडोद्याला गेलीस तेव्हा तुझ्या वाट्याला असंच काही यावं, एवढीच माझी इच्छा होती. त्या आवाराशी आपल्या इंदूरचं नातंही आहे. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इंदूरचे. ते इथे देवळालीकरांच्या चित्रशाळेत शिकले आणि 1950 साली बडोद्याची कलाशाखा सुरू झाली तेव्हा तिथे चित्रकला शिकवायला गेले. तू ज्या झाडांखालून जातेस तिथून हा इंदूरचा माणूस कितीतरी वर्षं रोज जात होता.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या पानाबद्दल. ‘आई, माझं मन कशातच टिकत नाही,’ असं लिहिलंयस. तबला सोडला, बॅडमिंटन आठवड्यातून एखादाच दिवस होतं, आता लिनो, आणि पुढे दोरीचा मल्लखांब करून बघावासा वाटतोय. खोलीतली मुलगी मात्र एकापाठोपाठ एक कोर्स करून सर्टिफिकेटं गोळा करते आहे आणि तिच्यापुढे आपण वेळ घालवतोय असं तुला वाटतं. ती करते ते चांगलंच आहे, तिला ते हवं आहे. पण तिच्या मापाने तू स्वतःला मोजू नकोस. तुझं वय करून बघण्याचं आहे. हाताला काय जमतं, कशात वेळेचं भान राहत नाही आणि कशाचा कंटाळा येतो, हे घरात बसून कळत नाही. कंटाळा आला हे कळणंही मला कमी महत्त्वाचं वाटत नाही.

तबला तू पावसाळ्याच्या तोंडाशी लावलास आणि गणपतीपर्यंत तो सुटला. माझ्या मते तो वाया गेलेला नाही. उन्हाळ्यात तू आमच्याबरोबर मैफलीला आली होतीस, तेव्हा बाकीचे मान हलवतात म्हणून तूही हलवत होतीस. आता तीनताल हातावर मोजता येतो, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे येणार ते आधी कळतं, ‘खाली’, म्हणजे टाळी न द्यायची मात्रा, आली की हात आपोआप उलटा होतो. पुढच्या खेपेला शेजारी बसशील तेव्हा तू वेगळं ऐकत असशील. एवढ्यासाठी भरलेली फी मला मुळीच जड वाटत नाही.

पण एक गोष्ट मला पटलेली नाही आणि ती स्पष्टच लिहिते. तू नुसतं जाणं बंद केलंस. सरांना भेटली नाहीस, फोनही केला नाहीस. शिकवणारा माणूस जागा धरून बसतो गं. आज येईल, उद्या येईल म्हणून वाट बघतो आणि दुसऱ्या कोणाला घेताना थांबतो. सरावाला आणलेली जोडी तुझ्याकडेच आहे ना? ती पुसून, हातोडीसकट, पिशवीत नीट घालून घेऊन जा. आधी पाया पड आणि मग सांग की आता जमत नाही. ते रागावले तर ऐकून घे. बहुधा रागावणार नाहीत, पुन्हा वाटलं तर ये असंच म्हणतील. नवीन काहीही धर, नको वाटलं तर सोडून दे, मी कधी हिशेब मागणार नाही. मात्र सोडताना सांगून, घेतलेलं परत करून सोड. मल्लखांबाला जाणार असशील तर पहिल्याच दिवशी तिथल्या शिक्षकांना सांग की करून बघायला आलेय. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये दोरी धरायची असते, सुरुवातीला तिथली कातडी सोलवटते. खोबरेल तेल जवळ ठेव, पण दोरीवर जाण्याआधी लावू नकोस.

तुला आपण फार उशिरा सुरुवात करतोय असंही वाटतं. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात तू शिकतेस, ते सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. 1875 साली दत्तक होऊन बडोद्याला आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळखीपासून शिकायला बसले. राजवाड्यातल्या सगळ्यांच्या नजरा लागलेल्या असताना त्या वयात ‘ग म भ न’ गिरवायचं म्हणजे काय वाटलं असेल त्या मुलाला! पुढे त्याच राजाने आधी अमरेली भागात आणि मग 1906 साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. गायक मौलाबक्षांना घेऊन गायनशाळा काढली ती 1886 सालची. त्यानंतर चारच वर्षांनी हाताने काम करणाऱ्यांसाठी कलाभवन उभं राहिलं. मला नेहमी वाटतं की उशिरा शिकायला बसलेल्या माणसालाच कळतं, नवख्याला आत यायला दार किती मोठं लागतं. तुझ्या गावात अशी दारं पावलोपावली आहेत. तिथून आत जाताना संकोच करू नकोस.

दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. छायाचित्रण शिकले, साचे करायला शिकले, पुढे फोटोचा धंदा केला, छापखाना चालवला, जादूचे प्रयोगही केले. 1913 साली त्यांनी मूकपट काढला तेव्हा यातलं बरंच काही त्यात उपयोगी पडलं. हे वाचून तुझ्याही लिनोतून आणि तबल्यातून एक दिवस मोठं काही निघावं, अशी माझी अपेक्षा आहे असं समजू नकोस. नाही निघालं तरी चालेल. त्या माणसाला त्या त्या वेळी त्या त्या कामात रस होता, तेवढंच मला तुला सांगायचं आहे.

नवरात्राचं वर्णन मी दोनदा वाचलं. मैदानावर अनवाणी, तीन टाळ्यांच्या गरब्यात दरवेळी तिसरी टाळी चुकते, मागून येणाऱ्या बायकांची लय मोडते म्हणून तू बाहेर उभी राहिलीस आणि एका अनोळखी मावशींनी कोपराला धरून “चाल, मारी साथे” म्हणत रिंगणात घेतलं. मग पाय बघायचे सोडून तू त्यांच्या खांद्याकडे बघत राहिलीस आणि पाय आपोआप पडायला लागले. असंच असतं ते. बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या माहेरी घट बसायचे. आरती झाली, प्रसाद वाटला की आजी स्वतः म्हणायची, “जा आता, गरबा सुरू झाला असेल.” घरात मराठी आरती आणि दारात गुजराती गरबा, यात आम्हाला कधी काही वेगळं वाटलं नाही. मीही अशाच कोणाच्या तरी मागे मागे फिरून शिकले. पुढच्या वर्षी रिंगणाबाहेर कोणी मुलगी उभी दिसली तर तू तिचं कोपर धर.

एक काम सांगते आणि ते मात्र करच. मांडवीपर्यंत चित्र काढायला जातेस आणि तिथलं मध्यवर्ती ग्रंथालय अजून पाहिलं नाहीस, हे मला खटकतं. 1910 साली सयाजीरावांनी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतले. लोकांसाठी मोफत वाचनालयांचं जाळं तेव्हापासून वाढलं, खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. पुस्तकांच्या मांडण्या लोखंडी आहेत आणि खालच्या मजल्यावर उजेड पोचावा म्हणून वरच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे. मी लहानपणी माझ्या बाबांबरोबर जायची तेव्हा त्या काचेवर पाऊल टाकताना जीव मुठीत धरायची आणि ते पुढे जाऊन हात द्यायचे. मराठी पुस्तकांकडे गेलीस तर जुन्या बांधणीची पुस्तकं हातात घेऊन बघ. शिवण कशी घातली आहे, पुठ्ठ्यावर कापड कसं चढवलंय. कोरायची आवड लागलीये म्हणून सांगते, बांधणीही तुला आवडेल.

मगरीचं लिहिलंस त्याने बाबांची झोप उडाली, पण मला ते चित्र फार आवडलं. काळा घोडा चौकाजवळच्या पुलावरून विश्वामित्रीच्या काठावर पसरलेली मगर, तोंड उघडं. तुला वाटलं ती कोणावर तरी धावणार आहे. तसं नसतं, अंगातली उष्णता बाहेर टाकायला ती तोंड उघडून पडते. भर शहरातून वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात आणि माणसं त्यांच्या शेजारी संसार करतात, असं दुसरीकडे सहज बघायला मिळत नाही. 2024च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या लोकांच्या अंगणापर्यंत आल्या होत्या, हे विसरू नकोस. चित्र काढायचं ते पुलावरूनच. चांगला कोन मिळतो म्हणून काठावर उतरायचं नाही. ही विनंती नाही, ताकीद आहे.

ती विश्वामित्री निघते पावागडच्या डोंगरातून, आणि तू परवानगी मागितली आहेस ती पावागडचीच. जा. पाऊस सरलाय, डोंगर अजून हिरवा असेल, नवरात्रातली गर्दीही ओसरली असेल. सकाळच्या पहिल्या बसने निघा. माचीपर्यंत गाडी जाते, तिथून रोपवे आहे, पण चढताना पायऱ्यांनीच चढा. उतरताना गुडघे बोलायला लागले तर रोपवेने या. कालिकामातेचं दर्शन झालं की लगेच परत फिरू नका. खाली चांपानेरची जामा मशीद आहे, तिथे तास-दोन तास हातात ठेवा. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने 1484 साली पावागड जिंकला आणि पायथ्याशी आपली राजधानी वसवली. पन्नासेक वर्षांनी, 1535 साली, हुमायूनची स्वारी आली आणि शहर ओस पडत गेलं. 2004 सालापासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. दगडातली जाळी आणि खिडक्यांवरची नक्षी जवळ जाऊन बघ. वही आणि पेन्सिल ने. कोरीव काम करणाऱ्याला तिथून उठवणार नाही, इतकं बघण्यासारखं आहे.

नवे बूट घालून चढू नकोस, रोजचेच घाल. पाण्याची बाटली प्रत्येकीची वेगळी असू दे. माकडं पिशवी ओढतात, खायचं हातात धरून फिरू नका. पैसे बाबांनी पाठवले आहेत, त्यातले थोडे लिनो आणि शाईसाठी बाजूला काढ. दिवाळीला येशील तेव्हा लिला चिवडा आण, इथे तसा मिळत नाही. कोणकोण जाणार आहात आणि संध्याकाळी कोणत्या बसने परतणार ते आदल्या रात्री मला आणि मामाला दोघांनाही कळव. आणि तबल्याची जोडी पावागडला जायच्या आधी परत कर.

तुझी,
आई