गिअरबॉक्स खोलायच्या आधी क्लच तपासा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात शेतीच्या पानावर नवीन ट्रॅक्टर, सबसिडी, ड्रोन असं सगळं येतं, वाचायला बरंही वाटतं, पण आमच्याकडे अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यात गावोगाव वीस-पंचवीस वर्षं जुन्या गाड्या, म्हणजे ट्रॅक्टर, अजून नांगरट करतायत आणि कापसाच्या ट्रॉल्या ओढतायत, त्यांच्याबद्दल कोणीच काही लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

दरवर्षी आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की एकच तक्रार कानावर येते, "गाडी वढत नही भो." मग गाडी जाते मिस्तरीकडे आणि तिथे पाच मिनिटात निकाल लागतो, गिअरबॉक्स गेला. आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याचा गिअरबॉक्स असाच पूर्ण खोलला, दोन चांगले गिअर बदलले, पैसे घेतले आणि गाडी बाहेर काढली तर दुखणं जसंच्या तसं! शेवटी दोष क्लच प्लेटचा निघाला, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणाऱ्या चकतीचा. हंगामाच्या तोंडावर ऐन नांगरटीचे दिवस गेले ते वेगळेच.

एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. आपल्या जुन्या गाड्यांमध्ये गिअरला गिअरचे दाते लागलेले असतात, लोखंडाला लोखंड. दाते एक तर धरतात नाही तर तुटतात, आणि तुटले की आवाज लपत नाही. ते हळूहळू सटकत नाहीत. सटकते ती क्लच प्लेट, कारण ती फक्त दाबावर आणि घर्षणावर चालते. म्हणून गाडी स्लिप मारतेय असं वाटलं की आधी क्लचकडेच बघायचं.

ओळखायचं कसं तर इंजिनाच्या आवाजावरून. भरलेली ट्रॉली घेऊन चढावर टॉप गिअरमध्ये रेस वाढवली आणि इंजिन मोकळं ओरडायला लागलं पण गाडीचा वेग काही वाढला नाही, तर क्लच सटकतोय. उलट इंजिन दबलं, काळा धूर फेकला, बंद पडायला आलं, तर क्लच धरतोय, दोष लोडमध्ये नाही तर इंजिनात शोधा. शेतात काळ्या मातीत चाक जागेवर फिरत असेल तरी क्लच ठीक आहे, तिथे टायरची नक्षी आणि वजन बघा. हा फरक ड्रायव्हरला सीटवर बसल्या बसल्या कळतो, फक्त कान द्यावा लागतो.

अजून खात्री करायची असेल तर मोकळ्या सपाट जागेत गाडी लावा, पुढे-मागे कोणी उभं नको, चाकांना दगड लावा, दोन्ही ब्रेक एकत्र जोडून घट्ट दाबा, टॉप गिअर टाका, थोडी रेस ठेवून क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर प्लेट सटकतेय. हे एकदाच करायचं, पुन्हा पुन्हा केलं तर उरलीसुरली प्लेटही जळते.

पण खोलायच्या आधी पेडल हाताने दाबून बघा राव! सुरुवातीला थोडा ढिला खेळ असलाच पाहिजे, बऱ्याच गाड्यांना 20 ते 30 मिमीच्या आसपास, नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. प्लेट झिजत गेली की हा खेळ कमी होत जातो, मग रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं बेअरिंग) कायम क्लचच्या फिंगरवर, म्हणजे बोटांसारख्या पट्ट्यांवर, टेकून राहतं आणि क्लच प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट पूर्ण दाबच देत नाही. अशा वेळी नुसता पेडलचा रॉड अ‍ॅडजस्ट करून गाडी ओढायला लागते, पान्याचं काम आहे, खर्च काहीच नाही. आणि ज्या ड्रायव्हरचा पाय दिवसभर पेडलवर असतो त्याला आधी पाय काढायला सांगा, तो पाय म्हणजे अर्धा क्लच दाबलेलाच.

खेळ बरोबर आहे तरी सटकतेय, तर गाडीखाली वाका. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये क्लचचं हाउसिंग असतं, त्याच्या तळाला एक लहान भोक असतं, बरेचदा त्यात पिन लटकत असते आणि चिखलाने ते बंद झालेलं असतं. तारेने मोकळं करा. तिथून तेल ठिबकलं तर ते बोटावर घ्या. काळं, पातळ, इंजिनाचं वाटलं तर इंजिनाचं मागचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेलंय. जाड, उग्र वासाचं असेल तर गिअरबॉक्सकडचं सील. दोन्हीत प्लेट तेलाने भिजलेली असते, आणि भिजलेली प्लेट नुसती धुऊन पुन्हा टाकली तर गरम झाल्यावर परत सटकते. त्या भोकातून पेट्रोल मारणारे लोक आहेत, ते तर अजिबात करू नका, आग लागते.

ड्युअल क्लचची, म्हणजे चाकाला एक आणि पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला) एक अशा दोन प्लेटांची गाडी असेल तर अजून एक. ट्रॉली मस्त ओढते पण रोटाव्हेटर लावला की थांबतो, असं असेल तर चाकाची प्लेट चांगली आहे, पीटीओची प्लेट गेलीय.

आणि गिअरबॉक्सचं खरं दुखणं वेगळं असतं. चालता चालता, विशेषतः उतारावर रेस सोडली की लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतं, तिथे गिअर जागेवर धरणारी स्प्रिंग-गोळी, गिअर सरकवणारा फोर्क किंवा झिजलेले दाते बघावे लागतात. तेव्हा खोला, माझी काही हरकत नाही.

गाडी फोडायचीच झाली, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करायचेच झाले, तर प्लेटसोबत सील आणि रिलीज बेअरिंगही बदलून घ्या, फ्लायव्हीलवर (प्लेट जिला टेकते त्या इंजिनाच्या जड चाकावर) चरे पडले असतील तर खरादवर घासून घ्या. मजुरी तीच असते, एका लहानशा सीलसाठी दोनदा गाडी कशाला फोडायची.

माझी मागणी एवढीच आहे की आयटीआयमध्ये मेकॅनिक ट्रॅक्टरचा ट्रेड आहे, पोरं तिथे शिकतायत, आपल्याकडे पाल आणि धुळ्याला कृषी विज्ञान केंद्रं आहेत, या सगळ्यांनी मिळून आखाजीच्या आधी तालुक्याच्या गावी एक दिवस जुन्या ट्रॅक्टरची फुकट तपासणी ठेवावी. पोरांना खऱ्या गाड्या हाताळायला मिळतील आणि शेतकऱ्याला गाडी मिस्तरीकडे न्यायच्या आधी दुखणं कुठंय ते कळेल. तुम्ही हे पत्र चैत्रातच छापलं तर नांगरटीच्या आधी लोकांना भोक मोकळं करायला आणि पेडल तपासायला वेळ मिळेल.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. अमळनेर, जि. जळगाव