‘चार्ज’ म्हणजे दर वेळी शुल्क नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी मजकूर यंत्राकडून मराठीत करून घेण्याची सोय झाल्यापासून एक वाक्य वारंवार डोळ्यांखालून जातं : ‘बँकेने मालमत्तेवर शुल्क निर्माण केले.’ मूळ इंग्रजीत तिथे ‘चार्ज’ असतो आणि मराठीत हवा असतो ‘बोजा’. वाचणाऱ्याला वाटतं, बँकेने काहीतरी फी लावली. प्रत्यक्षात कर्जासाठी जमीन अडकलेली असते.

‘चार्ज’ हा शब्द मुळात गाडीचा. लॅटिनमध्ये ‘कारुस’ म्हणजे गाडी, तिच्यावर माल लादण्याला पुढे ‘कारिकारे’ म्हणू लागले आणि जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. ‘कार’ आणि ‘कार्गो’ ही त्याची भावंडं. लादणं हे ध्यानात ठेवलं की बहुतेक फाटे सुटतात : बंदुकीत ठासायची दारू, बॅटरीत भरलेली वीज, माणसावर ठेवलेला आरोप, खात्यावर टाकलेला खर्च, अंगावर सोपवलेलं काम. तुटून पडणं हा अर्थ तेवढा ओढूनताणून जोडावा लागतो. आपला लाठीचार्ज त्यातला. गंमत अशी की महसूल खात्याचा ‘बोजा’ मूळ अर्थाला सगळ्यांत जवळचा, आणि नेमका तोच वगळून ‘शुल्क’ छापलं जातं.

अर्थ ओळखायचा तर ‘चार्ज’ला चिकटलेला छोटा शब्द आधी पाहावा. ‘फॉर’ असेल तर पैशांची आकारणी. ‘विथ’ असेल तर बहुधा गुन्ह्याचा आरोप. ‘ॲट’ असेल तर अंगावर धावून जाणं. ‘टू’ असेल तर खर्च कुणाच्या तरी खात्यावर टाकणं. ‘ऑन’ दिसला की थांबावं, कारण पुढे मालमत्ता किंवा सरकारी तिजोरी असण्याचा संभव मोठा.

मालमत्तेचं आधी. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 100 मध्ये हा बोजा येतो, तर गहाण कलम 58 मध्ये. गहाणात मालमत्तेतला काही हक्क सावकाराकडे जातो. बोज्यात हक्क जात नाही, पैसे त्या मालमत्तेतून वसूल होतील एवढी हमी असते. म्हणून ‘चार्ज’ला सरसकट ‘गहाण’ म्हणणंही चूक. कलम 100 नुसारच, बोज्याची कल्पना नसताना मोल देऊन मालमत्ता घेणाऱ्याविरुद्ध एरवी तो बजावता येत नाही. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यातली नोंद एवढी मोलाची का, ते यावरून कळावं. कर्ज फिटलं तरी ही नोंद आपोआप उतरत नाही. बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, घ्यायचा, तो जोडून बोजा कमी करण्याचा अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा तलाठी) किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर करायचा, फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः वाचायचा. दाखल्याच्या भाषांतरात ‘शुल्क भरले’ असं आलं, तर बोजा उतरवायचा आहे हे त्यावरून कुणालाच कळणार नाही.

न्यायालयीन बातम्यांत घोळ वेगळा होतो. चार्जशीट पोलीस दाखल करतात; ते आरोपपत्र, किंवा दोषारोपपत्र. चार्ज ‘फ्रेम’ करतं न्यायालय. ते आरोप निश्चित करणं. या दोहोंमध्ये कित्येकदा वर्षं जातात, तरी मथळ्यात दोन्हींना ‘आरोप ठेवले’ असं एकच लेबल लागतं. आरोपी कोठडीत असेल तर आरोपपत्रासाठी गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार 60 किंवा 90 दिवसांची मुदत असते आणि ती उलटली की त्याला जामिनाचा हक्क मिळतो. ही मुदत पोलिसांना आहे. आरोप निश्चितीशी तिचा संबंध नाही. डिस्चार्जचंही तसंच. आरोप निश्चित होण्याआधी न्यायालयाने सोडलं तर ती दोषमुक्ती. खटला चालून सुटका झाली तर ती निर्दोष मुक्तता, आणि मग त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. दोषमुक्तीला ते कवच नाही. (धरणातून सुटणारा डिस्चार्ज म्हणजे विसर्ग. तिथे तरी वर्तमानपत्रं सहसा चुकत नाहीत.)

आता तिजोरी. राज्याच्या अर्थसंकल्पात खर्चाचे दोन भाग असतात, दत्तमत, म्हणजे विधानसभेच्या मताने मंजूर होणारा, आणि भारित. ‘चार्ज्ड’ला ‘भारित’ ही निवड अचूक आहे. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचं वेतन, कर्जावरचं व्याज असा खर्च संविधानाच्या अनुच्छेद 202 नुसार राज्याच्या एकत्रित निधीवर थेट टाकलेला असतो. विधानसभेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. त्याला ‘आकारलेला खर्च’ म्हटलं की हा सगळा घटनात्मक अर्थ गळून पडतो.

पैशांच्या अर्थातही ‘शुल्क’ सगळीकडे चालत नाही. विजेचं बिल काढून पाहावं : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि त्याखाली वेगळं वीज शुल्क. आकार कंपनीचा, शुल्क सरकारचा कर. ज्याने ही ओळ बसवली त्याला फरक माहीत होता. जीएसटीतल्या ‘रिव्हर्स चार्ज’ला तर खुशाल तसाच ठेवावा आणि कर भरण्याची जबाबदारी पुरवठादाराऐवजी सेवा किंवा माल घेणाऱ्यावर येते, एवढं पुढे लिहावं. ‘उलट शुल्क’ वाचून कुणीही पैसे परत मिळण्याची वाट पाहील.

शेवटी एक बारीक फरक, जो यंत्राच्याच काय, घाईतल्या उपसंपादकाच्याही हातून निसटतो. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे सांभाळणारा. मधे ‘द’ आला, ‘इन द चार्ज ऑफ’ झालं, की अर्थ उलटतो : ज्याला कुणीतरी सांभाळतंय तो. ‘नर्स मुलाची इन चार्ज’ आणि ‘मूल नर्सच्या चार्जमध्ये’ यांत अदलाबदल झाली, तर बातमीत मूलच नर्सला सांभाळायला लागतं.

आपला,
एक अनुवादक, सातारा