सही केलीत त्याबद्दल, आणि नाही केलीत त्याबद्दलही

आदरणीय मॅडम,

जानेवारीत शाळेच्या नव्या प्रिन्सिपल सिस्टर रुजू झाल्या, तुम्ही प्रिन्सिपलपदाचा तात्पुरता कार्यभार त्यांच्याकडे सोपवलात आणि दुसऱ्याच दिवशी नववी ब च्या वर्गावर भूमिती शिकवायला हजर. निरोप समारंभ झाला नाही, कारण तुम्ही कुठे गेलाच नाहीत. शाल-श्रीफळाची संधी हुकली, म्हणून हे जाहीर पत्र.

गणपतीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली तोवर आधीच्या सिस्टरांच्या हातात प्रोव्हिन्शिअलचं, म्हणजे त्यांच्या संघाच्या प्रांतप्रमुखांचं, बदलीचं पत्र पडलं होतं. संन्यस्तांचं असंच असतं, आज्ञा आली की बॅग भरायची. नव्या सिस्टर परराज्यातल्या. तिथलं आवरून यायला त्यांना नाताळ उलटणार होता. मधल्या काळासाठी तुमचं नाव जाहीर झालं आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे सुरू झालं, ते तुम्ही वाचलं नसेल तर बरंच. शाळा बंद होणार, जागा बिल्डरच्या घशात जाणार, कुठली तरी बडी संस्था शाळा चालवायला घेणार. कॅम्पातली जागा म्हटली की पुणेकराला आधी बिल्डरच दिसतो. एका गृहस्थांनी तर ज्येष्ठता यादी काढली: तुमच्या वर एक सर असताना तुम्ही कशा?

त्यावरून भरलेल्या पालकसभेत तुम्ही स्टेजवर चढलाच नाहीत. खाली, पहिल्या रांगेपुढे उभ्या राहून बोललात. साडीच्या पदराला खडूची पूड तशीच होती. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे, पण अल्पसंख्याक शाळेच्या प्रमुखाच्या नेमणुकीला तो लागू होत नाही, तिथे संस्था ठरवेल ती व्यक्ती, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितलंत. वर म्हणालात, "आणि ते सर मागेच बसलेत, त्यांनाच विचारा." सरांनी मागून हात वर करून "मला नको होतं" असं सांगितलं आणि सभागृह हसलं. शाळा बंद पडण्याच्या आवईवर तुमचं उत्तर असं की इथून जवळच जीझस अँड मेरी कॉन्व्हेंट १८६० पासून आणि सेंट व्हिन्सेंट्स १८६७ पासून चालू आहे. तिथे काय एकच प्रिन्सिपल होते का? फीबद्दलच्या एका प्रश्नाला मात्र "आत्ता माहीत नाही, सोमवारी सांगते" म्हणालात. सोमवारी नोटीस बोर्डावर उत्तर लागलेलं होतं. माझ्या मते अफवा त्या नोटिशीने मेली, भाषणाने नव्हे.

दहावीच्या प्री-लिस्टबद्दल, म्हणजे परीक्षार्थींच्या तपासायच्या कच्च्या यादीबद्दल, तर वेगळं लिहायला हवं. बोर्डाकडून यादी आली की मुलाची सही घ्यायची आणि परत पाठवायची, इतकंच बहुतेक ठिकाणी होतं. तुम्ही शाळा सुटल्यावर ऑफिसबाहेरच्या व्हरांड्यात टेबल मांडलंत. जनरल रजिस्टर उघडं, त्यावर लाकडी फूटपट्टी आडवी, आणि एकेका मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख तुम्ही मोठ्याने वाचायचात. समोर मूल आणि पालक. माझ्या मुलाच्या आईच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. मी "चालेल हो" म्हणालो. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "पासपोर्टच्या वेळी चालणार नाही," एवढंच बोललात आणि लाल पेनने गोल केलात. आमच्या मागे ऐंशीएक मुलं रांगेत होती.

कॅथलिक पालकांची काळजी निराळी होती. नगरकडचे, वसईचे, गोव्याचे, सगळेच दबक्या आवाजात विचारत होते की सिस्टर नाहीत तर मुलांचा कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा, तास राहील का? तुम्ही स्वतः हिंदू, त्यात विषय गणित, आणि दहावीच्या वर्षी एकेका तासावर सगळ्या शिक्षकांचा डोळा. तो तास हलला नाही. एकीकडे कॅटेकिझम, त्याच वेळी बाकीच्यांना मॉरल सायन्स, जसं होतं तसंच. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या मिस्सासाठी, म्हणजे सामूहिक उपासनेसाठी, फादरांना फोन तुम्हीच करत होतात. गणिताच्या शिक्षिकेने आयता हाताशी आलेला तास गणिताला घेतला नाही, हे कुठे तरी लिहून ठेवायलाच हवं.

आता न केलेल्या सह्यांबद्दल. नव्या कॉम्प्युटर लॅबवाल्याचा माणूस महिनाअखेरपर्यंतची सवलत घेऊन ऑफिसात खेटे घालत होता. "करार पाच वर्षांचा आणि मी पाच महिन्यांचीही नाही," म्हणून तुम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावलंत. गळणाऱ्या छताचं काम मात्र कुणाची वाट न बघता करून घेतलंत. थांबणारं काय आणि न थांबणारं काय, ही निवड रोज करणं मला सगळ्यात अवघड वाटतं. कायमच्या खुर्चीवरच्या माणसाला चूक सुधारायला पुढचं वर्ष असतं, तुमच्याकडे ते नव्हतं. टीचर्स रूममध्ये कुणी तरी भरताची आणि पादुकांची उपमा दिली, तेव्हा "चौदा वर्षं नको गं बाई, मला मार्चमध्ये पेपर तपासायचेत" असं तुम्ही म्हणालात म्हणे. ऐकीव आहे, पण वाक्य तुमचंच वाटतं.

एक तक्रार आहे. लहान वर्गांच्या बसच्या वेळेचा निर्णयही तुम्ही "नव्या सिस्टर बघतील" म्हणून ठेवून दिलात. तो ठेवायला नको होता असं मला अजून वाटतं. पहिलीतली पोरं थंडीत सहाला उठत होती आणि त्यात पाच वर्षांचा करार वगैरे काही नव्हता. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत मी सोडतीने आलोय, चिठ्ठीत नाव निघालं म्हणून, त्यामुळे बोलायला मागेपुढे बघत नाही. पुढच्या बैठकीत हा विषय मी पुन्हा काढणार आहे. त्या वेळी अध्यक्षांच्या खुर्चीत नव्या सिस्टर असतील आणि तुम्ही नववीच्या शिक्षक-प्रतिनिधी म्हणून समोर. या खेपेला तरी तुमचं स्वतःचं मत ऐकायला मिळू दे.

मनापासून आभार.

आपला,
दहावी अ मधल्या एका मुलाचा बाप