मागच्या ब्रेकचं काय करू?

शहादा
शनिवार, रात्रीचे पावणेनऊ

प्रिय बंड्या,

होळीपासून तुला एक अक्षर नाही. फोन करायला तोंड नाही, आणि केला असता तर पुन्हा ब्रेकच्या डिस्कवरूनच वाजलं असतं, म्हणून कागद घेतला. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर सायकल शर्यतीचा उद्याचा निकाल लागून गेलेला असेल. म्हणजे तुझ्या सल्ल्याचा मला काडीचा उपयोग नाही. तरी लिहितो, कारण या खोलीत माझ्याशिवाय दोघं आहेत आणि "मागच्या ब्रेकचा पॅड ०.७ मिलिमीटर राहिला" या वाक्यात घाबरण्यासारखं काय आहे ते दोघांनाही कळत नाही.

तब्येत बरी. गुडघा ठीक. आईची साखर आटोक्यात. बठ्ठं बरं शे.

तर ०.७. पाठीचा पत्रा सोडून, डिस्कवर घासणारा नुसता मसाला, व्हर्नियरने मोजलेला. सकाळी निघताना १.६ होता. पुढचा १.७ होता, तो १.२ वर आलाय. म्हणजे एका दिवसात मागच्याने ०.९ खाल्ले आणि पुढच्याने ०.५. उद्या तेवढंच गेलं तर पुढचा ०.७ वर थांबेल, चालेल. मागचा घाट उतरताना राणीपूरच्या अलीकडेच संपेल आणि पत्रा डिस्कवर घासायला लागेल. अर्ध्या मिलिमीटरला पॅड बदलायचा हे तूच कानीकपाळी ओरडत आलास, तेव्हा हिशेब तुला समजावत बसत नाही.

मागचाच का जास्त गेला, हे मात्र तुला विचारायचंय, कारण आपण नेहमी पुढचा आधी संपतो असं धरून चालतो. माझं म्हणणं असं. कोरड्यात खरं थांबवतो पुढचाच, म्हणून तो आधी झिजतो. पावसात घसरायच्या भीतीने माणूस पुढचा सोडून मागचा धरून ठेवतो, आणि पुढचं चाक उडवतं तो सगळा रेंदा मागच्या कॅलिपरवर, म्हणजे पॅड धरणाऱ्या चिमट्यावर, येतो. इथला रेंदा साधा नाही. पपई आणि उसाच्या शेतातून ट्रॅक्टर बाहेर पडतात ते काळी माती डांबरावर आणून टाकतात, तिच्यात रस्त्याची बारीक कच मिसळते आणि वरून पाऊस. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट असते ना, तीच. रेझिनचा, म्हणजे राळेत बांधलेला मऊ पॅड तिच्यापुढे किती टिकणार? शिवाय आजची स्टेज, म्हणजे शर्यतीचा टप्पा, तोरणमाळच्या माथ्यावर संपली. निकाल लागला, सगळ्यांच्या अंगातली हवा गेली, आणि मग अख्खा घाट उतरून शहाद्याला परत. वेळ मोजत नव्हते म्हणून आरामात, मागचा ब्रेक दाबून धरून उतरलो. पॅड शर्यतीत गेलाच नाही रे, शर्यतीनंतर गेला. चढात ब्रेक कोण लावतो?

आता डब्यात काय आहे ते ऐक. रेझिनची एक नवी जोडी आणि मेटलची एक. मेटलचा पावसात चांगला टिकतो, कबूल. पण माझ्या डिस्कवर काय कोरलंय ते तुला माहीत आहे: फक्त रेझिन पॅड. पोलाद मऊ, मेटलचा पॅड तिला कानशीसारखा खाणार. आणि यावर तू फेब्रुवारीत जे बोललास ते मी विसरलेलो नाही. "ज्या डिस्कला पावसाळ्यातला पॅड चालत नाही ती पावसाळ्यात कशाला चालवतोस?" वाक्य बरोबर होतं. चारचौघांत म्हणायची गरज नव्हती, एवढंच.

म्हणजे नवी जोडी एकच, आणि ती पुढे टाकू की मागे? पहिला विचार पुढे टाकण्याचा येतो, कारण जीव पुढच्या ब्रेकवर असतो. पण नवा पॅड डिस्कला लागलेला नसतो. तो गरम होऊन त्याचा पातळ थर डिस्कवर बसेपर्यंत निम्मासुद्धा धरत नाही, आणि ओल्या डिस्कवर तो गरमच होत नाही, मग बसणार कधी? सातपायरीच्या, म्हणजे घाटातल्या सात वळणांतल्या, पहिल्या वळणावर पुढचा न धरणारा ब्रेक घेऊन जाण्यापेक्षा १.२ चा मुरलेला बरा. म्हणून नवा मागे. दोघांची अदलाबदल करायचाही विचार करून पाहिला. ०.७ पुढे आणि १.२ मागे! लिहिताना माझं मलाच हसू आलं.

बदलताना एक चूक होता होता राहिली. जुना पॅड झिजला की पॅड ढकलणारे पिस्टन बाहेर सरकलेले असतात, म्हणून लिव्हरला शेवटपर्यंत काही जाणवत नाही. सायकलवर बसून कळतच नाही पॅड संपत आल्याचं. नवा जाड पॅड घालायचा तर पिस्टन आत ढकलावे लागतात, आणि मी तसेच ढकलायला निघालो होतो. त्यांच्या कडेला चिखलाचं काळं कडं होतं. ते आत गेलं असतं तर सील फाटलं असतं आणि रात्री नऊला शहाद्यात ब्रेकचं तेल कुठे शोधू? मग कानातल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही पिस्टन गोल पुसले, प्लॅस्टिकच्या टायर लिव्हरने सरळ दाबले, पॅड, स्प्रिंग, पिन, पिनेची क्लिप. ती क्लिप पलंगाखाली उडाली होती. पलंगाखालच्या इतर वस्तूंबद्दल समक्ष बोलू.

हे सगळं करायच्या आधी चेनला तेल देऊन घेतलं. आधी पॅड आणि मग चेन असं केलं की एखादा थेंब डिस्कवर जातोच, आणि तेल प्यायलेला रेझिन पॅड फेकण्याच्याच लायकीचा. मेण लावलेली चेन आज तीन तासांत बोंबलायला लागली होती, धुऊन गेलं सगळं. आता घट्ट वेट ल्यूब, म्हणजे पावसाळी तेल, प्रत्येक कडीवर एक थेंब, दहा मिनिटांनी बाहेरून कोरडी पुसली. सीटच्या दांड्याला चिकटपट्टीची खूण करून तो काढला आणि सायकल उलटी केली, तर फ्रेममधून अर्धा कप पाणी. खालचं भोक चिखलाने बुजलं होतं.

टायर तुला आवडणार नाहीत, २८ मिलिमीटरचे आहेत. कोरड्यात हवा पुढे ७० आणि मागे ७४ पीएसआय भरतो, उद्या दोन्हीकडे सात-सात कमी. काटे कितीदा काढायचे? वेड्या बाभळीचा ओला काटा रबरात लोण्यासारखा जातो, पाणीच वंगण होतं. आज टायरवरून बोट फिरवून चार उपसले, एक आरपार जायच्या बेतात होता.

बूट खिडकीत. आतली गादी काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेत, तासातासाला बदलतो. लॉजच्या मालकाने आठवड्याची रद्दी दिली आणि विचारलं, "भो, इतका अभ्यास?"

आता खरी भीती सांगतो. पडण्याची नाही, पडलो तर पडलो. उद्याची स्टेज शहाद्याहून म्हसावद, राणीपूर, घाट चढून माथा, आणि त्याच वाटेने उतरून पुन्हा शहादा, शंभरेक किलोमीटर. एकूण वेळेत मी आपल्या वयोगटात मास्तरांच्या ११ सेकंद पुढे आहे. होय, आपलेच मास्तर. वर्गात शिरायचे तसेच वळणात शिरतात, न बघता आणि आवाज न करता. चढावर मी त्यांच्यासोबत राहीन. पण घाटात मी पंधरा सेकंद जरी मागे पडलो, तरी ते पंधरावर थांबणार नाहीत. घाट संपल्यावर पंचवीस-तीस किलोमीटर सपाटी आहे आणि पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा तोंडावर. चार जणांच्या मागे लपून गेलास तर एक-तृतीयांश ताकद वाचते. एकटा सापडलास तर पंधरा सेकंदांचे शहाद्यापर्यंत तीन मिनिटं होतात. सूचनापत्रात शेवटच्या तीन किलोमीटरात पडल्यास घोळक्याचा वेळ मिळेल असं लिहिलंय, पण त्याचा उपयोग लोणखेड्यापाशी आलेल्याला. घाटात घसरलेल्याला नाही.

म्हणून सगळा खेळ सात वळणांचा. ठरवलंय असं: वळणाआधी सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक हलके टेकवून डिस्क पुसून घ्यायची, मग एकदाच नीट दाबायचे, आणि वाकायच्या आत सोडायचे. बाहेरचा पाय खाली, सगळा भार त्याच्यावर. पांढऱ्या पट्ट्यांवर आणि रंबलरवर ब्रेकही नाही आणि वाकणंही नाही. मास्तरांच्या मागच्या चाकात न लपता अर्धा हात बाजूने, नाहीतर त्यांच्या चाकाचं पाणी डोळ्यांत जातं आणि वळण दिसतच नाही. आज धुकं एवढं होतं की चौथ्या वळणाचा कठडा मला कठडा संपल्यावर दिसला.

थंडीचं तू हसशील. खानदेशात थंडी! पण हजार मीटरच्या वर, भिजलेलं अंग आणि चाळीसच्या वेगाचा वारा, दहा मिनिटांत बोटांना लिव्हर कळत नाही. १९८८ च्या इटलीच्या शर्यतीत गाव्हिया खिंडीत बर्फ पडलं, तेव्हा हॅम्पस्टेन या अमेरिकन सायकलपटूच्या संघाने आधीच गावातल्या दुकानांतून स्कीचे हातमोजे विकत आणले होते. आघाडीवीराची गुलाबी जर्सी त्यालाच मिळाली. आमचा धाकटा उद्या माथ्यावर उभा राहणार आहे, हातात पिशवी: कोरडे हातमोजे, जर्सीत छातीवर कोंबायला वर्तमानपत्राची चार पानं, आणि बाटलीत गोड कोमट चहा. उकळता आणू नकोस म्हणून दोनदा बजावलंय.

खिशात केळी. केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलवाल्यांच्या नाकावर टिच्चून परदेशी एनर्जी जेल खाणाऱ्यांतला मी नाही, हे तुला ठाऊक आहे. एका केळ्यातून साधारण पंचवीस ग्रॅम कर्बोदकं, तासाला दोन आणि वर बाटलीतली साखर, झाले साठ-सत्तर. चिक्कीच्या पुड्यांचे कोपरे आत्ताच कापून ठेवलेत, ओल्या बोटांनी फाटत नाहीत. पावसात तहान लागत नाही म्हणून आज पहिल्या तासात अर्धी बाटलीसुद्धा संपली नव्हती. उद्या दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघून दोन घोट.

तुझं काय? नोकरी बदलली असं आप्पांकडून कळलं. वहिनींना नमस्कार. पोरीचे दहावीचे मार्क ऐकले, पेढे बाकी आहेत. घराचं काम थांबलंय का अजून?

आता उठतो. बाजार समितीच्या शेडखाली कोरडा काँक्रीट आहे, लांबी माझी पंच्याऐंशी पावलं, आणि रखवालदार दहाला फाटक लावतो. वीस-बावीस फेऱ्या मारायच्या आहेत: वेग घ्यायचा, मागचा ब्रेक चालीच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, पुन्हा.

तुझाच,
सुऱ्या

ता. क. सव्वादहा. सव्वीस फेऱ्या झाल्या. पहिल्या सहा-सात वेळा लिव्हर दाबून सायकल नुसती पुढे जात होती, मग बाराव्याला चावा आला. वास आला, तुला माहीत आहे तो. रखवालदार पोत्यावर बसून फेऱ्या मोजत होता, त्याच्या हिशेबाने अठ्ठावीस. पण चाक काढलंच होतं म्हणून डिस्कला व्हर्नियर लावला आणि मागची १.५६ मिलिमीटर भरली. नवी १.८ ची होती, दीडला बदलायची. उद्यापुरती आहे. तुझी ती १६० मिलिमीटरच्या डिस्कची जोडी, सेंटरलॉकवाली (मधोमध एकाच रिंगेने आवळायची), जी मी फेब्रुवारीत नको म्हणालो, ती माळ्यावर असेल तर कोणाला देऊ नकोस.